बुंध्यावरून पेंढ्यावर

मंडळी, पाऊस सुरू झाला की कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवलेली अळंबी बाजारात येतात आणि बघता बघता संपतात. वाळवीच्या सोबतीशिवाय ती वाढत नाहीत, म्हणून त्यांची लागवड होत नाही. मग एरवी विकायला येणारी अळंबी कशावर वाढवतात? प्रश्न साधा, पण उत्तरात बराच इतिहास आहे.

पांढऱ्या, गोल बटण अळंबीची लागवड सतराव्या शतकात पॅरिसच्या माळ्यांनी घोड्याच्या लिदीवर सुरू केली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दगडाच्या जुन्या, अंधाऱ्या खाणींत हा धंदा फोफावला. शहरभर घोडे, त्यामुळे लिदीला तोटा नव्हता. विसाव्या शतकात मोटारी आल्या, घोडे घटले आणि लिदीवाचून कंपोस्ट कसे करायचे याचे प्रयोग करावे लागले. पण लीद असो वा काड, या अळंबीला आधी नीट कुजवलेले कंपोस्ट लागते आणि वर थंड हवा. आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याला हे कसे परवडावे?

शिंपल्याच्या आकाराच्या धिंगरी अळंबीची गोष्ट निराळी. पहिल्या महायुद्धात जर्मनीची समुद्रमार्गे नाकेबंदी झाली होती. त्यातच बटाट्याचे पीक बुडाले आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात लोकांनी गुरांना घालायचे सलगमसारखे कंद खाऊन दिवस काढले. त्याच १९१७ साली रिचर्ड फाल्क या शास्त्रज्ञाने जंगलात तोडलेल्या झाडांच्या उरलेल्या बुंध्यांवर धिंगरी वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भुकेल्या देशाला निरुपयोगी बुंध्यातून अन्न मिळावे, असा तो काळ होता. पुढे नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे फाल्क यांना १९३३ साली तो देश सोडावा लागला. १९५५ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

बुंध्यासाठी जंगल हवे आणि धीरही हवा. ही अडचण आपल्या देशात सुटली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवली आणि १९६२ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. लाकूड काय आणि पेंढा काय, दोन्हींत सेल्युलोज आणि लिग्निन असते. धिंगरी ही दोन्ही पचवते, त्यामुळे कंपोस्ट कुजवत बसावे लागत नाही. पेंढ्याचे तुकडे भिजवायचे, गरम पाण्यातून काढून निथळायचे, पिशवीत थरावर थर देत मध्ये बियाणे पेरायचे. दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढऱ्या जाळीने भरते आणि पाणी फवारत राहिले की महिन्याभरात तोडणी. घोडा नको, खाण नको, जंगल नको. एक खोली असली तरी पुरते. भूमिहीन बाईलाही हे पीक घेता येते, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. पेंढा हा मुळात गुरांचा घास. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना वैरणीची किंमत सांगावी लागत नाही. कागदावर ज्याला 'शेतीतला टाकाऊ माल' म्हणतात, तो गोठ्यात टाकाऊ नसतो. म्हणून पेंढ्यालाही पर्याय शोधणे मला महत्त्वाचे वाटते. उसाचे पाचट, सोयाबीनचे कुटार, कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीची खुंटे यांवरही धिंगरी येते. यांतले पाचट कितीतरी ठिकाणी शेतातच पेटवून देतात. त्यावर आधी अळंबी घ्यावी आणि उरलेल्याचे खत करून जमिनीला परत द्यावे, हे शहाणपणाचे नाही का? कुठे काय वापरायचे हे मात्र त्या गावच्या गोठ्याला आणि चुलीला विचारूनच ठरवावे. पऱ्हाट्यासुद्धा कोणाचे तरी सरपण असतातच.

असो. तुमच्या गावाकडे कोणी अळंबीची लागवड करत असेल, तर कशावर करतात आणि आधी त्या मालाचे काय होत असे, ते जरूर लिहून कळवा.