बाकीची पोरं कुठं गेली?

दोस्तहो, "ह्यांच्या पोरांना शिक्षणाची आवडच न्हाई" हे आपण पहिल्यापासनं ऐकत आलोय. मास्तर म्हणतो, सरपंच म्हणतो. कधी कधी नोकरीला लागलेला आपला भाऊसुद्धा म्हणतो, तेव्हा जास्त झोंबतं.

१२ मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात सरकारपुढं उघडा हिशोब मांडला. शाळेत शंभर पोरं येतात, चौथीपर्यंत फक्त अठरा पोचतात. उरलेली ८२ परत निरक्षर.

ती ८२ कुठं गेली? पुढच्याच वर्षी, १९२८ ला, बाबासाहेबांनी वतनाचं बिल आणलं. त्यात ह्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. वतनदार महार हजर नसला की घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला धरायचे. एका माणसाच्या वतनात सगळं घर बांधलेलं. अशा घरातलं पोर पाटी घेऊन किती दिवस बसणार?

हे शाहू महाराजांनी आधीच ओळखलं होतं. आमचं मलकापूर म्हणजे विशाळगड जहागिरीचं ठाणं, कोल्हापूर राज्याच्या हाताखालचं. त्या राज्यात १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड. ही दंडाची गोष्ट आपण सभेत टाळ्या घेत सांगतो आणि तिथंच थांबतो. पण १९१८ ला महाराजांनी महार वतनाच्या जमिनी रयतावा करून दिल्या, १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या. नुसता दंडच असता तर तो गरिबाच्याच पाठीवर बसला असता. पोराला सोडवायचं तर आधी बापाला सोडवावं लागतं.

वतन गेलं, पोट राहिलं. माझा आजा दुसरीतनं उठला, दुसऱ्याच्या ढोरांमागं गेला. घटनेनं दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न करू म्हटलं होतं. तो हक्क कायद्यानं लागू झाला १ एप्रिल २०१० ला. साठ वर्षं! आणि हा कायदासुद्धा आठवीला हात सोडतो. मी नववीतच उठलो. बापाचं अंथरूण आणि शाळेची फी एकाच महिन्यात आली. आवडीचं म्हणाल तर रात्रपाळी करून आजही वाचतोय.

येत्या जूनमध्ये आपल्या बौद्धवाड्यात घरोघर फिरू. कुणाचं नाव कितवीत कटलं आणि त्या महिन्यात घरात काय घडलं होतं, एवढंच लिहून आणायचं. वह्या मी देतो.