शंभर रुपयांची शाकारणी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. परंतु घर बांधण्याइतकेच ते राखणेही अवघड असते, आणि मातीच्या घराची राखण तर दर वर्षी नव्याने करावी लागते. वैशाख सरत आला की कौले चाळावी, कुजलेले वासे व बांबू बदलावे, भिंतींना माती लिंपावी आणि मृगाच्या आत घर शाकारून मोकळे व्हावे, हा क्रम कोकणात जसा, तसाच छत्तीसगडातही पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. इतिहासकारांनी या घरकामाची दखल घ्यावी असे त्यात वरकरणी काहीच नाही. तथापि १९७७ सालच्या उन्हाळ्यात या साध्या डागडुजीच्या खर्चावरून अकरा माणसे प्राणास मुकली. ती हकीकत भिलाईच्या पोलादाशी निगडित आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. ज्या दुर्ग जिल्ह्यात हा कारखाना उभा राहावयाचा होता, तो त्या वेळच्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरचा तो संबंध संपला. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लक्ष टन पोलादाचे उद्दिष्ट समोर ठेवून आरंभ झालेल्या या कारखान्याबरोबरच त्याच्या शेजारी एक नवे नगरही वसत गेले.

हे नगर आखीव होते. त्याचे क्रमांकवार सेक्टर पाडलेले होते. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, शाळा, बाजार आणि दवाखाने अशी त्याची रचना होती. कायम नोकरीतल्या कामगाराला तेथे पक्के क्वार्टर मिळे. छप्पर गळले वा भिंतीला ओल आली, तर ती दुरुस्त करून देणारी व्यवस्थाही कारखान्याचीच असे. खेड्यातून आलेल्या माणसाला पावसाळ्याची धास्ती न बाळगता राहता यावे, ही त्या काळी थोडीथोडकी गोष्ट नव्हती.

परंतु भिलाईचे पोलाद ज्या लोहखनिजातून निघते, त्याच्या खाणी या नगरापासून दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर दल्ली-राजहरा येथे आहेत. तेथील काही खाणी यंत्रांनी चालत आणि काहींत हातांनी खनिज फोडून ते वाहनांत भरावे लागे. हे हातकाम कंत्राटदारांकडे सोपविलेले होते. कंत्राटदारांच्या हाताखाली आसपासच्या खेड्यांतून आलेले हजारो छत्तीसगडी स्त्री-पुरुष राबत आणि खाणींच्या आसमंतात माती, बांबू व कौले यांच्या झोपड्यांतून राहत. एकाच पोलादाच्या पोटी अशी दोन प्रकारची घरे निर्माण झाली. एका घराच्या छपराची काळजी कारखाना वाहत होता, तर दुसऱ्या घराचे छप्पर रोजच्या मजुरीवर तगून होते.

घरमालक, ठेकेदार आणि मजूर हे त्रिकूट घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे असते. मालक म्हणतो, पैसे ठेकेदाराला दिले. ठेकेदार म्हणतो, मालकाकडून आले नाहीत. आणि मजूर दोन दारांमध्ये उभा राहतो. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० सालचा कायदा या प्रकाराला आळा घालण्यासाठीच झाला. कंत्राटदाराने मजुरी चुकती केली नाही, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, असे त्यात स्पष्ट नमूद होते. कायदा झाला खरा. परंतु तो खाणीच्या तोंडापर्यंत पोचण्यास माणसांची संघटना लागते.

ती संघटना मार्च १९७७ मध्ये ‘छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ’ या नावाने उभी राहिली. कायम व कंत्राटी कामगारांना मिळणाऱ्या बोनसातील तफावतीमुळे खाणींवर असंतोष माजलेला होता. एके काळी भिलाईच्या कारखान्यात काम केलेले आणि आणीबाणीत कारावास भोगलेले शंकर गुहा नियोगी यांच्याकडे कामगारांनी नेतृत्व दिले. संघाच्या मागण्यांत दोन प्रमुख होत्या. कंत्राटदाराने काम दिले नाही, तर त्या बसून काढलेल्या दिवसांचे वेतन मिळावे. आणि पावसाळ्यापूर्वी झोपडीच्या डागडुजीसाठी प्रत्येकी १०० रुपये मिळावे.

मे महिन्याच्या अखेरीस वाटाघाटी होऊन या मागण्या मान्य झाल्या. जूनच्या आरंभी कामगार पैसे घेण्यास गेले, तेव्हा कंत्राटदारांनी ते देण्यास नकार दिला आणि संप पुकारला गेला. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगी यांना पकडून नेले. नेत्याची सुटका व्हावी म्हणून कामगारांनी मागे राहिलेल्या पोलिसांना अडवून धरले. त्या रात्री गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा झाला. मृतांमध्ये एक स्त्री होती, एक लहान मुलगाही होता.

शंभर रुपयांसाठी एवढे का घडावे? याचे उत्तर पंचांगात सापडते. २ जून म्हणजे रोहिणी नक्षत्राचे दिवस. आठवड्याच्या आत मृग लागावयाचा. क्वार्टरातील माणसाचे देणे महिनाभर लांबले, तर त्याची अडचण होते. झोपडीतील माणसाचे देणे आठवडाभर लांबले, तर त्याचे घरच कोसळते. ‘बैल गेला अन् झोपा केला’ या म्हणीतले शहाणपण खाणीवरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको होते. पाऊस पडू लागल्यावर हाती आलेल्या शंभर रुपयांना त्याच्या लेखी काही किंमत उरणार नव्हती.

गोळीबारानंतरही संप मोडला नाही आणि अखेर मागण्या पदरात पडल्या. त्याहून बोलकी गोष्ट मागाहून घडली. मृतांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व अंगमेहनतीतून एक रुग्णालय उभारले. ३ जून १९८३ रोजी ‘शहीद हॉस्पिटल’ सुरू झाले, तेव्हा त्यात अवघ्या १५ खाटा होत्या. पुढे खोल्यांची व खाटांची भर पडत जाऊन त्यांची संख्या शंभरावर गेली. ज्यांना आपल्या झोपडीचे वासे बदलण्यासाठी मागणी करावी लागली होती, त्यांनी सर्वांच्या उपयोगी पडणारी वास्तू बांधली आणि ती वाढविलीही.

नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. दल्ली-राजहऱ्यात ३ जून हा दिवस ‘शहीद दिन’ म्हणून पाळला जातो. भिलाईच्या इतिहासात झोतभट्ट्यांच्या तारखा आणि टनांचे आकडे यांना मोठे स्थान आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याच इतिहासाच्या एका पानावर बांबू, माती आणि कौले यांसाठी मागितलेल्या शंभर रुपयांचीही नोंद आहे. पोलादाच्या किमतीचा हिशेब ती नोंद घेतल्यावाचून पुरा होत नाही.