१० मे १८१८ : रायगड पडला

या दिवशी इंग्रजांच्या लेफ्टनंट कर्नल प्रॉथरच्या फौजेपुढे रायगडाने शरणागती पत्करली. गडावर पेशवा दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. तोफगोळ्यांनी राजवाडा पेटला. ज्या गडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तिथले लाकूडकाम जळून गेले आणि उरली ती जोती.

इंग्रज सावित्री नदीच्या या खोऱ्यात नवखे नव्हते. १७५६ च्या तहात पेशव्यांकडून त्यांना सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट मिळाले आणि खाडीत आत, महाडच्या अलीकडचे दासगावही. गलबतांची वाट त्यांनी रायगड पडण्याच्या ६२ वर्षे आधीच धरली होती. राज्य एका लढाईत जात नाही.

१८६९ मध्ये कुलाबा जिल्हा झाला. याच जिल्ह्यातल्या महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये अस्पृश्यांसह सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळीने पाणी घेतले, तरी तळ्याबाबतच्या उच्च न्यायालयाच्या निकालाला १९३७ उजाडले. गोऱ्यांच्या राज्यातली ही आपल्याच माणसांनी लादलेली गुलामगिरी होती, आणि ती अधिक जुनी होती.

स्वातंत्र्यानंतर ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा मराठी भाषकांचे राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे निदर्शक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. वाईकडून घाटावरची माणसे आली, पोलादपूरच्या बाजूने कोकणातली. १ मे १९६० ला मराठी राज्य झाले.