कुर्ल्याची फियाट आणि रॅलीची जुनी गाडी

रॅली म्हटलं की आपल्याला मोर्चा आठवतो, नाहीतर निवडणुकीच्या प्रचाराची मिरवणूक. पण मोटारगाड्यांचीही रॅली असते. तिची गोष्ट मुंबईच्या उपनगरांतून जाते, आणि त्या गोष्टीत जुनी गाडी पारखण्याचं शहाणपणही आहे. गटातल्या कुणाला उद्या जुनी गाडी किंवा टेम्पो घ्यायचा असेल, तर ते उपयोगी पडेल.

आधी रॅली म्हणजे काय ते पाहू. हौशी लोकांची रॅली ही बहुधा वेगाची शर्यत नसते. रस्ता, सरासरी वेग आणि प्रत्येक ठिकाणी पोचण्याची वेळ ठरवून दिलेली असते. उशीर झाला तर गुण जातात, आणि लवकर पोचलं तरीही जातात. गाडीत दोघं असतात, एक चालवणारा आणि एक वाट व वेळ सांभाळणारा. खऱ्या वेगाच्या रॅलीसाठी मात्र रस्ता बंद करतात, आणि तिथे हेल्मेट, आतला लोखंडी पिंजरा व परवाना लागतो.

आता 1968 सालाकडे जाऊ. त्या वर्षी 24 नोव्हेंबरला लंडनहून 98 गाड्या सिडनीकडे निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत त्या दिल्लीला आल्या आणि तिथून आग्रा, इंदूरमार्गे मुंबईला. मुंबई-आग्रा हा जुना रस्ता म्हणजे मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला असा जाणारा आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग. मुंबईपर्यंत 72 गाड्या टिकल्या. इथून त्या बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेल्या.

मुंबईत पुढे होती एक जोरदार इंजिनाची गाडी. पण शेवटी जिंकली हिल्मन हंटर. तिकडच्या घरांत बाजारहाटाला आणि मुलांना शाळेत सोडायला वापरतात तसली साधी गाडी! ती चालवणारा अँड्र्यू कॉवन हा स्कॉटलंडचा शेतकरी. पुढच्या वेगवान गाड्या मोडल्या, एकीला अपघात झाला. हंटर न मोडता पोचली, म्हणून जिंकली.

त्याच रॅलीत आयर्लंडची रोझमेरी स्मिथ होती. ती मूळची कपडे शिवण्या-बेतण्याच्या धंद्यातली. 1965 साली तिनं हिल्मन इम्प या छोट्याशा गाडीत बसून हॉलंडची ट्युलिप रॅली पुरुषांना मागे टाकून जिंकली होती. 1968 मध्ये तिच्या गाडीचं इंजिन वाटेत अधू झालं. तेव्हा खैबर खिंडीचा चढ आपण गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवला, असं तिनं पुढे सांगितलं. रिव्हर्स गिअरला ओढायची ताकद जास्त असते, हे तिला ठाऊक होतं. यंत्राची ओळख असेल तर अडचणीत वाट निघते, ती अशी.

आता आपल्या गाडीकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यात तिचा कारखाना होता. 1954 पासून तिथे फियाट 1100 निघू लागली. तिलाच 1974 मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असं नाव मिळालं, पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणाले. त्या काळी नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. मग हौशी माणूस जुनी फियाट शोधायचा आणि तीच घेऊन रॅलीत उतरायचा. 1980 मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली. मुंबईचे नझीर हुसेन तिच्या आयोजनात पुढे होते. परदेशी गाड्यांच्या जोडीनं आपल्या पद्मिनीही त्या घाटांत धावल्या.

पद्मिनी का चालली? इंजिन जेमतेम 1100 सीसीचं, पण बांधणी साधी. मागे बैलगाडीला शोभतील असे पाट्यांचे स्प्रिंग. टॅक्सीही तीच, त्यामुळे मिस्त्री नाक्यानाक्यावर. सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात. बिघाड झाला तरी गाडी अडून बसायची नाही. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. ती हलकी आणि पेट्रोलला काटकसरी होती. पुढे जुनी मारुती स्वस्तात मिळू लागली आणि हौशी लोक तिकडे वळले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

या इतिहासातून पारख शिकता येते. पहिली गोष्ट, जिचे भाग आणि मिस्त्री आपल्या तालुक्यात आहेत तीच गाडी घ्या. दुसरी, गंज पाहा. मुंबईच्या खाऱ्या हवेतली गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. तळ, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचा पत्रा तपासा. पत्र्याला चुंबक लावा. जिथे तो धरत नाही, तिथे पुट्टी भरून रंग मारलेला असू शकतो. तिसरी, गाडी थंड असताना चालू करायला सांगा. निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातं आहे. टायर एकाच बाजूनं झिजलेले असतील तर चाकांची जुळणी बिघडलेली असेल, किंवा अपघातानं सांगाडा वाकलेला असेल. चौथी, कागद. आरसी पुस्तकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहा. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं समजू नका. आणि सगळे पैसे खरेदीत घालू नका. ब्रेक, टायर आणि सीटबेल्टसाठी थोडे राखून ठेवा. जीव त्यांच्यावर असतो.

आणि बायकांचं काय? 1905 साली मोटार चालवणाऱ्या सुझान टाटा यांचं नाव भारतातली पहिली स्त्री चालक म्हणून घेतलं जातं. मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही 1919 ची संस्था. तिनं महिला दिनाच्या सुमारास फक्त बायकांसाठी मुंबईहून लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीपर्यंत रॅल्या घेतल्या. त्यात घरच्या, रोजच्या गाड्याच धावल्या. गृहिणी, शिक्षिका, डॉक्टर, आजीसुद्धा वाटेचा कागद मांडीवर घेऊन बसल्या.

मैत्रिणींनो, घरात गाडी आली की किल्ली बहुधा पुरुषांच्या खिशात जाते. कर्जाचा हप्ता मात्र आपल्या बचतीतून जातो. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्या, चुंबक पिशवीत टाका. आणि गाडी घेण्याआधी गटातल्या एकीचं तरी लायसन काढून घ्या.