दिव्याची नजर

मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता थोरल्या चिरंजिवांकडे कॅलिफोर्नियात अडीच महिने राहून आलो. परदेशवारीची वर्णने वाचून वाचक आधीच कंटाळलेले असतील, म्हणून नायगारा आणि डिस्नेलँड मी इथे आणणार नाही. सांगायची आहे ती एका चौकाची हकीकत.

नातू कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेल्यामुळे त्याची सायकल पडवीत रिकामी उभी होती. माझे अर्धे आयुष्य पुण्यात सायकलवर गेले. विनादिवा आणि डबलसीट या दोन गुन्ह्यांखेरीज पोलिसांशी माझा कधी संबंध आला नाही. तेव्हा एके दिवशी पहाटे साडेपाचला घरात कोणी उठायच्या आत मी त्या सायकलवर टांग मारली. गल्लीच्या तोंडाशी हमरस्ता आडवा जातो, तिथे चौक आणि सिग्नल. दिवा लाल होता. थांबलो. दोन मिनिटे गेली, चार गेली. हमरस्त्यावर चिटपाखरू नव्हते, तरी त्याला हिरवा आणि मला लाल! परमुलखात कायदा मोडायची छाती होईना. सातव्या मिनिटाला मागून एक मोटार हळूच येऊन उभी राहिली, आणि तिने पुरता श्वासही घेतला नसेल तोच दिवा हिरवा झाला.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा सूनबाई हसू लागली. ती रोज सायकलने कचेरीत जाते. म्हणाली, "बाबा, तुम्ही रेघेवर उभे राहिला नसाल. दिव्याला तुम्ही दिसलाच नाहीत."

दिव्याला मी दिसलो नाही! आपण दिव्याच्या उजेडात पाहतो, पण दिव्यानेही आपल्याला पाहावे लागते ही गोष्ट मला नवीन होती. मग उरलेल्या मुक्कामात मी तेच पुराण वाचत बसलो.

रहदारीचा पहिला दिवा लागला तो डिसेंबर १८६८ मध्ये, लंडनला, पार्लमेंटच्या इमारतीसमोर. तो उभारणारा जॉन पीक नाइट हा मूळचा रेल्वेचा माणूस, त्यामुळे दिव्याचे रूपही रेल्वेच्या सिग्नलचेच होते. दिवसा वरखाली होणारे हात, रात्री तांबडी आणि हिरवी गॅसबत्ती. खाली एक पोलीस शिपाई उभा राहून ते हात हलवी. महिनाभरातच, १८६९ च्या जानेवारीत, गॅस गळून स्फोट झाला, शिपाई भाजून जखमी झाला आणि तो प्रयोग आटोपला. पायडल मारून चालवायच्या सायकली पॅरिसमध्ये धावू लागल्या त्या याच दशकात. म्हणजे दिवा आणि सायकल ही तशी बरोबरीची भावंडे. पुढे १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे विजेचा दिवा आला, तरी त्याचे बटण दाबायला कोपऱ्यावरच्या खोपटात माणूस बसलेला असेच.

हा शिपाई महत्त्वाचा आहे. त्याला पगार कमी असेल, दुपारी डुलकी लागत असेल, पण त्याला डोळे होते. घोडागाडी, हातगाडी, मोटार, सायकल, रस्ता ओलांडणारी म्हातारी, सारे त्याच्या नजरेत एकदमच यायचे. त्याच्या जागी जेव्हा आपोआप चालणारे दिवे आले तेव्हा त्याचे काम घड्याळाकडे गेले. घड्याळ आंधळे खरे, पण त्याचा आंधळेपणा निःपक्षपाती होता. कोणी असो वा नसो, ठरलेल्या सेकंदांनी ज्याची त्याची पाळी येणारच. आपल्याकडे वर्षानुवर्षे बहुतेक चौकांत हेच घड्याळ चालत आले, आणि म्हणूनच पुण्यात मला कधी दिव्यासमोर हजेरी लावावी लागली नव्हती.

घड्याळाचा दोष मात्र उघड होता. एका रस्त्यावर कोणी नसताना तिकडे हिरवा, आणि दुसरीकडे गाड्यांची रांग तिष्ठत. मग इंजिनियर लोकांनी ठरवले की यंत्राला एखादे इंद्रिय द्यावे. पहिले इंद्रिय दिले ते कानाचे! बाल्टिमोरचा चार्ल्स ॲडलर हा रेल्वे-सिग्नलांचा इंजिनियर. त्याने १९२८ साली चौकालगतच्या खांबावर लहानशा पेटीत मायक्रोफोन बसवला. मोटारवाल्याने तिथे येऊन भोंगा वाजवायचा, की त्याची पाळी लागायची. शेजारपाजाऱ्यांच्या झोपेचे काय होत असेल ते सांगायला नको. भोंगा ज्याच्याजवळ त्याचीच दाद, असा हा न्याय होता. सायकलच्या घंटीसाठी काही ते दुकान मांडलेले नव्हते.

त्याच सुमारास हेन्री हॉफ नावाच्या विद्युत-इंजिनियराने दिव्याला स्पर्श दिला. रस्त्यात दोन धातूच्या पट्ट्या पुरायच्या, चाकाच्या भाराने त्या एकमेकींना टेकल्या की वीज वाहते आणि दिव्याला वर्दी जाते. ही युक्ती भोंग्यापेक्षा पुष्कळच लोकप्रिय झाली आणि तीस वर्षांहून अधिक काळ चालली. ॲडलरही स्वस्थ बसला नाही. १९३१ मध्ये त्याने रस्त्यात पोलादाच्या पोकळ पेट्या पुरून चाकांचा खडखडाट ऐकण्याची व्यवस्था केली. वजनदार माणसाने जिन्यावर पाय ठेवताच घर जागे व्हावे, तसा हा कारभार. "सिग्नलला वजन लागते" ही समजूत अमेरिकेत अजून ऐकू येते. काही सायकलस्वार चौकात सायकलसकट उड्या मारतात म्हणे! माझ्या मते ती या जुन्या पट्ट्यांची आठवण असावी. पट्ट्या गेल्या, समजूत राहिली.

इंग्लंडात रस्त्यावर रबरी नळी बसवून तिच्यातल्या हवेच्या दाबावर दिवा हलवीत. लंडनमध्ये १९३२ साली कॉर्नहिल आणि ग्रेसचर्च स्ट्रीट यांच्या चौकात वाहन ओळखणारे पहिले दिवे लागले, आणि योगायोग पाहा, तेही गॅसच्या स्फोटात उडाले! लंडनच्या दिव्यांची आणि गॅसची काहीतरी जन्मजात पत्रिकाच जुळत नसावी.

खरी उलथापालथ झाली ती १९६० नंतर. तोवर रस्त्यात पुरलेल्या पट्ट्या दुरुस्त करता करता, आणि बर्फ खरवडणाऱ्या गाड्यांनी उखडलेल्या पुन्हा बसवता बसवता नगरपालिका मेटाकुटीला आल्या होत्या. त्यांना तारेचे वेटोळे मिळाले. करणी अगदी साधी. डांबरात करवतीने एक चौकोनी चर कापायची, बहुधा सहा फूट लांब आणि तितकीच रुंद. तिच्यात तारेचे दोन-चार वेढे घालून वरून काळे लुकण भरायचे आणि तारेची टोके कोपऱ्यावरच्या लोखंडी कपाटात न्यायची. त्या तारेतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विजेचा प्रवाह सोडला की भोवती एक चुंबकीय क्षेत्र तयार होते. वर धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. कपाटातल्या यंत्राला तेवढा फरक कळतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, तो सव्वाशे वर्षांनी असा डांबराखाली जाऊन झोपला.

मोटारीखाली केवढा तरी पत्रा जमिनीला समांतर पसरलेला असतो, त्यामुळे तिची चाहूल लगेच लागते. सायकलची गोष्ट वेगळी. वेटोळ्याच्या मधोमध चुंबकीय रेषा जमिनीतून सरळ उभ्या वर येतात, आणि सायकलचे चाकही उभेच. त्या रेषा चाकाला समांतर निघून जातात, रिमच्या कड्यातून आरपार जात नाहीत. म्हणजे अगदी शिस्तीने, आपल्या वाटेच्या मधोमध उभा राहणारा सायकलस्वार हाच यंत्राला दिसेनासा होतो! तारेच्या लगत मात्र त्या रेषा तारेभोवती वळसा घेऊन आडव्या होतात. चराच्या रेघेवर, रेघेच्याच रोखाने दोन्ही चाके उभी केली, की त्या रिममधून आरपार जातात आणि यंत्र जागे होते. सूनबाई म्हणत होती ती रेघ हीच. अंगच्या वजनाचा किंवा उड्यांचा इथे काही संबंध नाही. सायकलला चुंबक बांधूनही उपयोग होत नाही, कारण यंत्र चुंबक शोधत नसून वीज वाहू देणारा धातू शोधत असते. ॲल्युमिनियमचे रिम उत्तम चालते. कार्बनच्या धाग्यांचे महागडे चाक घेणाऱ्याला मात्र त्यापायी चौकात ताटकळावे लागते.

यंत्राची जाणीव अधिक तीव्र करता येत नाही का? येते. कपाटातले बटण फिरवायचा अवकाश! पण ती फार वाढवली तर शेजारच्या वाटेवरून जाणारा ट्रकही आपल्याच दारी आला असे त्याला वाटू लागते. म्हणून इंजिनियर ती बेताची ठेवतात, आणि त्यांचा बेत मोटारीच्या मापाचा असतो. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ज्यांनी ती यंत्रे लावली ते स्वतः मोटारीतून कचेरीत येत, इतकेच.

पण परिणाम काय झाला? पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार, शाळेत निघालेली पोर, असा कोणीही कायदा पाळायला उभा राहिला तर त्याची पाळी यायचीच नाही. त्याने मोटारीची वाट पाहावी, उतरून पादचाऱ्यांचे बटण दाबायला फुटपाथ गाठावा, नाहीतर लाल दिवा मोडावा. मोडला आणि पोलिसाने पाहिले तर दंड, मोटारीने धडक दिली तर दोषही त्याचाच. सज्जन माणसाला गुन्हेगार करण्याची ही फार स्वस्त रीत झाली.

कायदेमंडळांनी यावर निरनिराळे तोडगे काढले. आयडाहो राज्यात १९८२ साली रहदारीच्या कायद्याची फेररचना चालली होती. किरकोळ गुन्ह्यांनी न्यायाधीशांचा वेळ खाल्ला जातो हे पाहून न्यायालयांचे प्रशासक कार्ल बियांकी यांनी त्यात सायकलस्वारांसाठी सवलत घातली. "थांबा" अशी पाटी असेल तिथे सायकलस्वाराने हळू व्हावे आणि रस्ता मोकळा असल्यास पुढे जावे. २००५ मध्ये तिथे लाल दिव्यापाशीही पूर्ण थांबून, रस्ता मोकळा पाहून जाण्याची मुभा मिळाली. मिनेसोटाने २००२ मध्ये वेगळी तऱ्हा काढली. सायकलवाला किंवा मोटारसायकलवाला पुरता थांबला होता, दिवा अवाजवी वेळ लाल राहिला, त्याला वाहन ओळखताच आले नाही आणि समोरून धोका नव्हता, एवढे सिद्ध झाले तर त्याचा बचाव मान्य. मला विचाराल तर हे दोन्ही उपाय माझ्या मनास येत नाहीत. घरच्या माणसाला दार उघडत नाही म्हणून त्याला खिडकीतून यायची परवानगी देण्यासारखे ते आहे. दाराची कडी कोणी दुरुस्त करायची?

कॅलिफोर्नियाने कडीला हात घातला. २००७ साली तिथे कायदा झाला, की यापुढे वाहन ओळखणारा जो दिवा नवा बसेल किंवा बदलला जाईल, त्याला सायकल आणि मोटारसायकलही ओळखता आली पाहिजे. तारा तिरप्या घातलेल्या नव्या घडणीच्या वेटोळ्यांवर सायकल कुठेही उभी राहिली तरी ती कोणत्या ना कोणत्या तारेवर येतेच. शिवाय कुठे उभे राहावे हे सांगायला डांबरावर सायकलस्वाराचे छोटे पांढरे चित्र काढतात. कॅमेरे आणि रडारही पुष्कळ चौकांत आले आहेत. पोर्टलंड शहरात काही ठिकाणी दिव्याशेजारी एक बारीक निळा ठिपका लागतो. त्याचा अर्थ, "तू आलास, कळले." वाट पाहायला लागली तरी चालते, पण आपली नोंद झाली आहे हे ठाऊक असले म्हणजे सात मिनिटांची तगमग होत नाही. मात्र कायद्यातला "यापुढे" हा शब्द लक्षात घ्या. जुने दिवे बदलले जाईपर्यंत जुनेच राहायचे. आमच्या गल्लीचा दिवा त्या बिरादरीतला.

हॉलंडमध्ये तर मुळातच नजर निराळी. सायकलवाटेच्या डांबरात सायकलपुरती निमुळती वेटोळी, आणि सायकलवरून न उतरता हात पोचेल अशा उंचीवर बटण! ग्रोनिंगेन शहरात १९८९ पासून काही चौकांत सगळ्या मोटारींना एकदम लाल आणि चारी दिशांच्या सायकलींना एकदम हिरवा मिळतो. पंगतीत चहूकडून येणारे वाढपी जसे ताटे सांभाळीत एकमेकांना चुकवतात, तशा त्या सायकली एकमेकींतून निघून जातात. कोपनहेगनच्या नोरेब्रोगाडे रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या चालीने गेले तर पुढचा दिवा हिरवाच मिळावा अशी दिव्यांची साखळी लावली आहे, सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी घराकडे. तिथे मोटारीने सायकलच्या चालीशी जुळवून घ्यायचे.

आमच्या चौकाचे पुढे काय झाले ते राहिलेच. सूनबाईने नगरपालिकेला फोन केला. मला वाटले, आता अर्ज, स्मरणपत्र आणि मग आमचे परतीचे विमान! पण आठवड्याभरात सकाळी नऊच्या सुमारास एक मनुष्य गाडी घेऊन आला. कोपऱ्यावरचे कपाट उघडून आत पाहू लागला. मी सायकल घेऊन तिथे गेलोच होतो. त्याने मला खुणेने बोलावले आणि वेटोळ्यावर उभे केले. थोडे पुढे या, थोडे मागे, आता डावीकडे, असे करत त्याने आत काहीतरी फिरवले. कपाटातला एक दाण्याएवढा दिवा प्रत्येक वेळी लागतो का ते तो पाहत होता. पंधरा-वीस मिनिटे मी त्या रेघांवर असा मागेपुढे करत राहिलो. शेवटी तो म्हणाला, आता बाहेर जाऊन नेहमीसारखे या.

मी गल्लीत मागे गेलो, वळलो आणि नेहमीसारखा आलो. मागे मोटार नव्हती. हमरस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, माझ्यापुढचा दिवा हिरवा झाला, आणि त्या कपाटाआडून त्या गृहस्थाने अंगठा वर केला. मला खरे तर पलीकडे काही काम नव्हते, पण एवढ्या गाड्या थांबल्या आहेत म्हटल्यावर चौक ओलांडून जाणे भागच होते.