रेवाकुंडापासून रेवासागरापर्यंत

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकास पवारांच्या गाद्यांमुळे परिचित आहेत. धारचे संस्थान, देवासच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या, आणि १९४८ साली मध्यभारतात झालेले त्यांचे विलीनीकरण, एवढा इतिहास आपण शिकवीत आलो. या भूमीतील पाण्याचा इतिहास मात्र बखरींपेक्षा कथांत अधिक सापडतो, म्हणून त्या कथांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

धार जिल्ह्यातील मांडूगडावर रेवाकुंड आहे. नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून राणी रूपमती अन्न घेत नसे, म्हणून रेवामाई स्वतः गडावर प्रकटली, अशी लोककथा आहे. १५६१ साली मोगलांनी बाजबहादुराचे राज्य घेतले, पण कथा टिकली. वस्तुतः गडावर नदी नाही. तेथील वस्ती मुंज तलाव, कपूर तलाव यांसारख्या तलावांत साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर जगली. अशा साठविलेल्या पाण्यास कथेने नर्मदेची प्रतिष्ठा दिली. पूज्य मानलेले पाणी मनुष्य जपून वापरतो, एवढा व्यवहार त्या भक्तीत होता, असे आमचे मत आहे.

पुढे देवासने याच भक्तीचा आधार घेतला. पावलोपावली पाणी अशी ज्याची ख्याती, त्या माळव्यात कूपनलिका उत्तरोत्तर खोल गेल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात देवास शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले. २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांपुढे एक विचार मांडला. आटणाऱ्या कूपनलिकांवर वारंवार पैसा घालण्यापेक्षा जमिनीच्या सुमारे दहाव्या हिश्शात तळे खणावे आणि उरलेल्या नऊ हिश्शांवर रब्बीचे पीक घ्यावे, असा तो हिशेब होता. या हिशेबास कथेची जोड मिळाली. तळ्याचे नाव ‘रेवासागर’ झाले, खणणारा ‘भगीरथ कृषक’ ठरला. काही वर्षांतच जिल्ह्यात हजारो तळी झाली. २००७ साली राज्य शासनाने तळ्यांसाठी अनुदानाची योजना काढली, तेव्हा तिलाही नांगरधारी बलरामाचे नाव देण्यात आले.

पिकाऊ जमीन खणून काढणारा शेतकरी एरवी गावात वेडा ठरला असता. त्या नावाने त्यास एक थोर पूर्वज मिळवून दिला, हे कथेचे कार्य होय.

तथापि, कथा स्वीकारली की तिचे ऋणही पत्करावे लागते. भगीरथाने गंगा आणली ती पूर्वजांच्या उद्धारासाठी, आणि ती वाहिली सर्वांसाठी. देवासची ही तळी मुख्यतः खासगी शेतांत झाली, आणि आरंभी ती खणली ती दहावा हिस्सा सोडणे ज्यांस परवडले त्यांनी. तळ्यातून मुरलेले पाणी शेजारच्या विहिरीस मिळते, हे खरे. पण अल्पभूधारकाचा आणि भूमिहीनाचा त्या पाण्यावर हक्क कोणता? भगीरथाचे नाव घेणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. ही हकीकत वर्गात सांगताना शिक्षकांनी नावाच्या गौरवाबरोबर हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. लोकांस कामास प्रवृत्त करणारी कथाच त्या कामाची परीक्षा घेण्याचे माप त्यांच्या हाती देत असते.