कार्तिकातले द्यूत

कार्तिक मासाच्या शुद्ध प्रतिपदेस परंपरेने द्यूताला मुभा दिली होती. परंतु ती एका दिवसापुरतीच. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्ड्यांवर बंदी घातली, तरी न्यूयॉर्कच्या कापूसभावांवरील आकड्यांतून निघालेला मटका १९६० च्या दशकात चिठ्ठीचिठ्ठीने फोफावलाच. पुढे अड्डा मोबाईलमधून थेट खिशात शिरला, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली. तथापि केवळ मनाईने व्यसन सुटतेच असे नाही; म्हणून गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा डाव लावणे, उसनवारी करणे, घरच्यांपासून व्यवहार लपवणे ही लक्षणे दिसताच व्यसन जडल्याचे ओळखून टेली-मानस या मानसिक आरोग्य साहाय्यवाणीच्या १४४१६ या क्रमांकावर निःसंकोच साहाय्य मागावे.